नांव किती जणांनीं घेतलें?

विद्येची परीक्षा कशी करावी हा प्रश्न जुना आहे. ती आंकड्यांनीं करावी ही कल्पना मात्र आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत रूढ झाली. पूर्वीं स्थळ सुचवितांना मुलाची पदवी, नोकरी आणि घराणें सांगितलें कीं भागत असे. आतां मुलगा अथवा मुलगी वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापक असेल, तर परिचयपत्राच्या खालच्या ओळींत ‘शोधनिबंध इतके, सायटेशन्स इतकीं, एच-इंडेक्स इतका’ असा मजकूर छापलेला आढळतो. वडील मंडळी आंकडा मोठा दिसला म्हणून समाधान पावतात, लहान दिसला म्हणून नाक मुरडतात. पण तो आंकडा कशाचा, हें विचारण्याचा संकोच करतात. आमच्या हिमायतनगरासारख्या तालुक्याच्या गांवींहि आतां कित्येक घरांतलीं मुलें नांदेड, लातूर किंवा अंबाजोगाई येथील वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकत किंवा शिकवीत आहेत. तेव्हां या महिन्यांत त्या आंकड्यांचाच थोडा विचार करूं.

हा विचार केवळ कुतूहलाचा नाहीं. वैद्यकीय अध्यापकास वरची जागा मिळावयाची तर त्याचे ठराविक निबंध प्रसिद्ध झालेले असले पाहिजेत, असा नियम आपल्या देशांत कित्येक वर्षें आहे. म्हणजे घरांतील तरुण डॉक्टराची बढती आणि मनःस्वास्थ्य हीं दोन्ही या हिशेबावर टांगलेलीं असतात. दुसरी बाजूहि आहे. घरांत कोणी अंथरुणास खिळलें आणि शहरांतल्या कोणत्या डॉक्टराकडे न्यावें असा पेंच पडला, म्हणजे नातू हातांतल्या फोनवर पाहून सांगतो कीं, ‘आजोबा, यांचे निबंध जास्त आहेत.’ अशा वेळीं त्या आंकड्याचा अर्थ ठाऊक नसेल, तर आपण वजनाच्या मापानें कापड मोजूं लागतों.

प्रथम हिशेब समजून घेऊं. संशोधकाच्या दृष्टीस कांहीं नवें पडलें, म्हणजे तो निबंध लिहून शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवितो. तेथें त्याच विषयांतले दोन-तीन जाणते तो तपासतात आणि पसंत पडल्यास तो छापला जातो. पुढें दुसरा कोणी त्या विषयावर लिहूं लागला, कीं आपल्या निबंधाच्या शेवटीं यादी देतो : अमुक गोष्ट मीं अमक्याच्या निबंधावरून घेतली. अशा एका यादींत पहिल्या निबंधाचें नांव आलें, म्हणजे त्याच्या खात्यावर एक सायटेशन, अर्थात् एक आधारोल्लेख, जमा झाला. निबंध किती लिहिले हा पहिला आंकडा, आणि उल्लेख किती झाले हा दुसरा.

या दोहोंची सांगड घालण्यासाठीं जॉर्ज हिर्श या अमेरिकेंतील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकानें २००५ सालीं तिसरा आंकडा सुचविला, तोच एच-इंडेक्स. त्याची रीत शाळेंतल्या मुलासहि करतां येईल. समजा, एका डॉक्टराचे पांच निबंध आहेत आणि त्यांस अनुक्रमें ४०, १२, ६, ४ व १ असे उल्लेख मिळाले आहेत. मोठ्याकडून लहानाकडे मोजीत यावें. चौथ्या निबंधास निदान चार उल्लेख आहेत; पांचव्यास पांच नाहींत. म्हणून त्याचा इंडेक्स ४. दुसऱ्या डॉक्टराचे तीनच निबंध असून उल्लेख ३००, ३ व २ आहेत. त्याच्या दुसऱ्या निबंधास दोहोंहून अधिक उल्लेख आहेत, पण तिसऱ्यास तीन नाहींत. म्हणून इंडेक्स २. तिसऱ्या एकाचे चार निबंध आणि प्रत्येकास चारच उल्लेख. त्याचाहि इंडेक्स ४! ज्याच्या एका निबंधाचा तीनशें जणांनीं आधार घेतला, तो या गणितांत चार बेताचे निबंध लिहिणाऱ्याच्या खालीं बसला. गणितांत चूक नाहीं. एकच मोठें काम करणारा मनुष्य या मापांत बसत नाहीं, एवढेंच.

चौथा आंकडा संशोधकाचा नसून नियतकालिकाचा असतो. त्यास इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात. एखाद्या नियतकालिकानें मागच्या दोन वर्षांत २०० लेख छापले आणि त्या लेखांचे या वर्षीं ५०० उल्लेख झाले, तर त्याचा फॅक्टर अडीच. ही सरासरी आहे, आणि सरासरीचा स्वभाव ज्यानें वर्गाचा निकाल लाविला आहे त्यास चांगला ठाऊक असतो. वर्गाचे सरासरी गुण सत्तर आले म्हणून शेवटच्या बांकावरच्या मुलास सत्तर मिळाले असें होत नाहीं. दोन-चार हुशार मुलें सरासरी वर ओढतात. नियतकालिकांतहि थोड्या लेखांसच बहुतेक उल्लेख मिळतात. तरी त्याच अंकांत बसलेला प्रत्येक लेखक तो फॅक्टर आपल्या नांवापुढें लावून मिरवितो.

आतां ही पद्धत आली कोठून, तें पाहण्याजोगें आहे. कारण वकिली करणाऱ्या घरांस तिचा मूळ पुरुष ओळखीचा वाटेल. अमेरिकेंत फ्रँक शेपर्ड नांवाच्या गृहस्थानें १८७३ सालीं वकिलांसाठीं एक सूची काढण्यास आरंभ केला. एखाद्या निवाड्याचा पुढच्या कोणकोणत्या निवाड्यांत उल्लेख झाला हें तींत असे. आणि त्याबरोबरच तो निवाडा पुढें मान्य झाला, त्याचें क्षेत्र कमी केलें गेलें, कीं तो रद्द ठरला, हेंहि खुणांनीं दाखविलेलें असे. वकिलास नुसती संख्या घेऊन काय करावयाचें? न्यायाधीशापुढें रद्द झालेला निवाडा ठेवला तर फजितीच व्हावयाची. या सूचीवरून स्फूर्ति घेऊन यूजीन गारफील्ड यानें १९५५ सालीं ‘सायन्स’ या पत्रांत शास्त्रीय निबंधांच्या अशाच सूचीची योजना मांडली आणि १९६४ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध होऊं लागली. गारफील्डचा हेतु, एका निबंधाचा धागा धरून पुढचे निबंध शोधतां यावेत, हा होता. माणसांची प्रतवारी लावण्याचें काम त्या सूचीच्या गळ्यांत पुढें पडलें. आणि या स्थित्यंतरांत शेपर्डच्या त्या खुणा गळून गेल्या. उल्लेख मान्यतेचा कीं खंडनाचा, हें सांगणारें कांहीं उरलें नाहीं. राहिली ती केवळ संख्या.

आपल्या शास्त्रपरंपरेंत आधार सांगण्याची चाल फार जुनी आहे. पाणिनीनें आपिशलि, गार्ग्य, शाकटायन, शाकल्य, स्फोटायन इत्यादि दहा पूर्वाचार्यांचीं नांवें अष्टाध्यायींत घेतलीं आहेत. पण त्याच परंपरेंत पूर्वपक्ष नांवाचीहि वस्तु आहे. ज्याचें खंडन करावयाचें, त्याचें मत आधीं नीट मांडावयाचें, असा दंडक असल्यामुळें भाष्यकार आपल्या प्रतिपक्षाचा उल्लेख पानोपानीं करतो. अशा उल्लेखांची कोणी बेरीज केली आणि ज्याचें नांव जास्त वेळां आलें तोच भाष्यकाराचा परमगुरु असें अनुमान काढलें, तर पाठशाळेंतला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीहि हंसेल. आजच्या गणनेंत नेमका हाच प्रकार होऊं शकतो. १९९८ सालीं इंग्लंडांतील अँड्र्यू वेकफील्ड व त्याचे सहकारी यांनीं बारा मुलांवरील एक निबंध ‘लॅन्सेट’ या प्रख्यात वैद्यकीय पत्रांत छापला. गोंवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्र लसीचा मुलांच्या स्वमग्नतेशीं संबंध असावा, अशी धास्ती त्यांतून पसरली आणि कित्येक आईबापांनीं मुलांस लस टोंचविण्याचें टाळलें. पुढें चौकशींत त्या कामांतील गैरप्रकार उघडकीस आले आणि २०१० सालीं ‘लॅन्सेट’नें तो निबंध मागें घेतला. त्या निबंधाचे उल्लेख हजाराहून अधिक झाले आहेत. त्यांतले बहुसंख्य तो खोटा कसा हें सांगण्यासाठीं आहेत. परंतु मोजणाऱ्या यंत्रास तें कळत नाहीं. त्याच्या लेखीं हा निबंध यशस्वीच!

एवढा पूर्वरंग झाल्यावर आपल्याकडील एक उदाहरण घेतों. जालना जिल्ह्यांतील देहेड या खेड्यांत, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्याच मातींत, जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावसकर नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टर होऊन १९७६ च्या सुमारास कोंकणांत महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेले. त्या भागांत लाल विंचवाच्या दंशानें धडधाकट माणसें आणि विशेषतः लहान मुलें पाहतां पाहतां दगावत. विंचू चावला म्हणजे वेदना, असा सामान्य समज. परंतु हीं माणसें वेदनेनें मरत नव्हतीं. दरदरून घाम, वांत्या, हातपाय थंड पडणें, आणि कांहीं तासांनीं फुप्फुसांत पाणी भरून तोंडावाटे फेंस येणें, हा क्रम बावसकरांनीं रात्र रात्र रुग्णाच्या उशाशीं बसून टिपला. या विषानें शरीरांतील उत्तेजक द्रव्यांचा एकदम पूर येतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर असह्य भार पडतो, असा त्याचा उलगडा आहे. तेव्हां आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारें औषध दिलें तर? रक्तदाबासाठीं वापरली जाणारी प्रॅझोसिन नांवाची अल्पमोली गोळी बाजारांत होतीच.

दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामांचीं पूर्वचिन्हें सांगणारा त्यांचा निबंध १९८२ सालीं आणि प्रॅझोसिनसंबंधींचा, पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह लिहिलेला निबंध १९८६ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आला. पूर्वीं अशा गंभीर रुग्णांपैकीं शेंकडा तीस ते चाळीस हातचे जात. नव्या उपचारानें तें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास उतरलें. बावसकर तेथेंच थांबले नाहींत. आपल्याच गोळीची त्यांनीं पुनः परीक्षा घेतली. महाड येथें सत्तर रुग्णांचे दोन गट करून एकास नुसती प्रॅझोसिन आणि दुसऱ्यास तिच्या जोडीस विंचवाच्या विषावरील लस दिली. दहा तासांनीं पाहतां लस मिळालेल्या ३५ पैकीं ३२ जण पूर्ण बरे झाले होते. नुसत्या गोळीच्या गटांत ३५ पैकीं ८. हा निबंध २०११ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध झाला. ज्या औषधानें आपलें नांव झालें, तें एकटें पुरें पडत नाहीं हें स्वतःच मोजून स्वतःच जाहीर करणें, याचें मोल कोणत्या आंकड्यांत बसवावें? २०२२ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री दिली.

आतां यांच्या निबंधांचे उल्लेख मोजावयास बसलें तर काय होईल? उल्लेख करणारा हा दुसरा निबंधलेखकच असावा लागतो. विंचूदंशावर जगांत लिहिणारे किती? कर्करोगावर, हृदयविकारावर, मधुमेहावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळा युरोप-अमेरिकेंत जागोजाग आहेत. त्यांच्या एकमेकांच्या याद्यांतूनच प्रत्येकाचे शेंकडों उल्लेख होतात. विंचू चावतो तो शेतांत कडबा उचलणाऱ्या मजुरास, दगडमातीच्या घरांत जमिनीवर निजणाऱ्या पोरास. तीं माणसें निबंध लिहीत नाहींत. ज्यांचे प्राण वाचले, त्यांच्यापैकीं कोणी कधीं यादी दिली नाहीं कीं, मी अमक्याच्या निबंधामुळें जिवंत आहें. म्हणून गरिबांच्या रोगावर काम करणाऱ्याचा आंकडा लहान राहण्याचा संभव अधिक. आणि तरुण संशोधकानें आंकड्याकडे पाहूनच विषय निवडावयाचें ठरविलें, तर विंचू, सर्पदंश, कुपोषण हे विषय कोणी हातींच घेणार नाहीं. या मापाचा खरा धोका येथें आहे. चुकीचें माप झालेल्या कामाचीच किंमत चुकवितें असें नाहीं, तर पुढें कोणतें काम व्हावयाचें हेंहि तेंच ठरवूं लागतें.

उलट बाजूचेंहि एक उदाहरण पाहावें. सर्व शास्त्रांत मिळून ज्या निबंधाचे उल्लेख सर्वांत अधिक झाले, तो १९५१ सालीं ऑलिव्हर लाउरी व त्यांचे सहकारी यांनीं लिहिलेला आहे; २०१४ सालीं केलेल्या मोजणींत त्याचे उल्लेख तीन लाखांहून अधिक भरले. त्यांत प्रथिनाचें प्रमाण मोजण्याची एक सोईस्कर रीत सांगितली आहे. रीत उपयुक्त, म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेनें ती वापरली आणि प्रत्येकानें नांव दिलें. पण म्हणून तो वैद्यकांतला सर्वांत मोठा शोध होय, असें कोणी म्हणणार नाहीं. घरांतल्या अडकित्त्यास दिवसांतून वीस वेळां हात लागतो. म्हणून तो देव्हाऱ्यांतल्या शाळिग्रामाहून श्रेष्ठ ठरत नाहीं.

काळाचीहि एक अडचण आहे. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनीं १९५९ सालीं ‘नेचर’ पत्रांत, पटकीचे जंतु गाळून काढलेल्या द्रवानेंहि सशाच्या आंतड्यांत पाणी भरतें, असें दाखविलें. म्हणजे पटकीचें कारण जंतूंनीं सोडलेलें विष होय, हें सिद्ध झालें. ज्या रोगानें यात्रेंतलीं माणसें दोन दिवसांत नाहींशीं होत, त्या रोगाचें मर्म येथें उघडें पडलें. पण त्या शोधाकडे कित्येक वर्षें फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९७८ सालीं पटकीवरील नोबेल परिसंवादास त्यांस बोलावणें आलें. १९८५ सालीं ते वारले. पुढच्याच वर्षीं, १९८६ सालीं, सूचीकार गारफील्ड यानेंच आपल्या सूचीच्या साहाय्यानें पटकीच्या संशोधनाचा नकाशा काढून डे यांचें स्थान जगापुढें मांडलें. या गोष्टींतून दोन बोध घ्यावयाचे. डे यांच्या बढतीचा विचार १९६५ सालीं आंकड्यांवरून झाला असता, तर तो अन्यायाचा झाला असता. आणि त्याच आंकड्यांनीं, पुरेसा काळ लोटल्यावर व जाणत्याच्या हातीं पडल्यावर, विसरलेल्या मनुष्याची आठवण करून दिली. साधन एकच, घाई करणाऱ्याच्या हातीं तें अन्याय करतें आणि शोध घेणाऱ्याच्या हातीं न्याय.

यासाठींच आंकडे अजीबात नकोत, असें म्हणणाऱ्यांच्या पक्षांत आम्ही नाहीं. आंकडे नव्हते तेव्हां काय होतें, हें विसरतां कामा नये. वशिला होता, नातें होतें, साहेबाची मर्जी होती. खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांतल्या तरुणाचा निबंध लंडनच्या संपादकानें नांव-गांव न पाहतां छापावा आणि त्याची नोंद जगाच्या सूचींत व्हावी, ही सोय लहानाच्या हिताचीच आहे. शिवाय कांहीं आंकडे आपणांस लाजवितात, आणि तें इष्टच आहे. समीरण नंदी व त्यांचे सहकारी यांनीं २००५ ते २०१४ या दहा वर्षांतील भारतांतील ५७९ वैद्यकीय संस्थांची मोजणी केली; त्यांत ३३२ संस्थांतून त्या दहा वर्षांत एकहि निबंध निघाला नव्हता, आणि वर्षाकांठीं शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या २५ निघाल्या. हें मोजल्यावांचून कळलें नसतें.

परंतु शून्य वाईट म्हणून नियम केला, आणि नियम केला म्हणून बाजार उभा राहिला. पैसे भरले कीं आठ दिवसांत निबंध छापून देणारीं नियतकालिकें निघालीं. तपासणारे जाणते तेथें नांवापुरतेच. विद्यापीठ अनुदान आयोगानें एके काळीं मान्य नियतकालिकांची यादी केली होती. पुण्याचे प्रा. भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनीं त्या यादींतील, विद्यापीठांकडून सुचविल्या गेलेल्या नियतकालिकांची छाननी केली, तेव्हां शेंकडा ८८ हून अधिक निकृष्ट ठरलीं. २०१८ च्या मे महिन्यांत आयोगानें एकदम ४,३०५ नियतकालिकें यादींतून वगळलीं. दुसरा प्रकार उसन्या नांवांचा. काम एकानें करावयाचें आणि विभागप्रमुख, त्यांचे स्नेही, सहाध्यायी यांचीं नांवें लेखक म्हणून लावावयाचीं. आज तूं माझें घाल, उद्यां मी तुझें घालतों. तिसरा प्रकार उल्लेखांच्या देवघेवीचा. लग्नांतल्या आहेरासारखा तो घेतला कीं परत करावा लागतो.

या बाबतींत आपला जुना वैद्यकग्रंथच आदर्श घालून देतो. आज उपलब्ध असलेली चरकसंहिता अग्निवेशानें रचिली, चरकानें तिजवर संस्कार केले आणि लुप्त झालेला भाग दृढबलानें पुरा केला. चिकित्सास्थानाचे सतरा अध्याय, कल्पस्थान व सिद्धिस्थान एवढा भाग आपण पुरा केला, असें दृढबल त्या ग्रंथांतच नमूद करतो. मूळ ग्रंथ आपला म्हणून सांगत नाहीं, आणि केलेलें काम लपवीतहि नाहीं. आज उत्तम नियतकालिकें प्रत्येक लेखकाकडून ‘तूं यांत नेमकें काय केलेंस’ हें लिहून मागतात. ही रीत आपणांस परकी वाटूं नये.

पाश्चात्य विद्वानांसहि हा अतिरेक उमगला आहे. २०१२ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें जमलेल्या संपादकांनीं व प्रकाशकांनीं, नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची योग्यता ठरवूं नये, असा जाहीरनामा तयार केला. २०१५ सालीं लायडनच्या जाहीरनाम्यानें अशा मोजणीचे दहा नियम सांगितले. त्यांतला मुख्य आशय असा, कीं आंकड्यानें जाणत्याच्या निर्णयास साहाय्य करावें, त्याची जागा घेऊं नये.

मग आम्हां घरच्या माणसांनीं काय करावें? घरांतला तरुण डॉक्टर पैसे भरून निबंध छापण्याची गोष्ट काढील, तर ती रक्कम कितीहि थोडी असो, वडील मंडळींनीं ती काढून देण्यापूर्वीं एवढें विचारावें : हा निबंध कोणीं तपासला? चांगलीं नियतकालिकेंहि कधीं कधीं छपाईचा खर्च घेतात, तेव्हां पैसा हीच खूण नव्हे. तपासणी झाली कीं नाहीं, ही खूण. त्या मुलास एक-दोन वर्षें उशीर झाला तरी चालेल, असा धीर घरानें दिला, तर बाजाराचें निम्में गिऱ्हाईक तेथेंच कमी होईल. हा धीर सरकारी पत्रकानें देतां येत नाहीं. तो माजघरांतच मिळावा लागतो. सासरच्यांनीं आणि माहेरच्यांनीं ‘अजून प्रोफेसर कां नाहीं?’ असें वारंवार विचारणें थांबविलें, तरी पुष्कळ होईल.

स्थळाच्या बाबतींत आंकडा वाचून झाल्यावर चार प्रश्न विचारावे. कोणता प्रश्न सोडविण्यासाठीं हें काम केलें? त्यांत तुमचा स्वतःचा हात किती? ज्यांनीं उल्लेख केला, त्यांनीं तें मान्य केलें कीं खोडून काढलें? आणि त्यामुळें रुग्णाच्या उशाशीं कांहीं बदललें काय? ज्यानें खरोखर काम केलें आहे, त्यास हीं उत्तरें साध्या मराठींत, आजीला समजतील अशीं, देतां येतात; आणि देतांना त्याच्या चेहऱ्यावर आनंदच दिसतो. रुग्णासाठीं डॉक्टर निवडतांना मात्र निबंधांची संख्या जवळजवळ बाजूस ठेवावी. लिहिणें आणि बरें करणें हे दोन निराळे गुण आहेत. ते एकत्र असले तर भाग्य. पण एकावरून दुसऱ्याचें अनुमान करूं नये.

शेवटच्या प्रश्नाचें उत्तर कसें असावें, तें गडचिरोलींत दिसतें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं तेथल्या ३९ गांवांतून खेड्यांतल्याच स्त्रियांस नवजात बाळाची घरच्या घरीं काळजी घेण्यास शिकविलें आणि शेजारच्या ४७ गांवांशीं तुलना केली. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यु शेंकडा ६० हून अधिक प्रमाणांत घटल्याचें त्यांनीं १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें दाखविलें. त्या निबंधास उल्लेखहि विपुल मिळाले, म्हणजे येथें आंकडा आणि काम यांचें एकमत झालें. पण २०११ सालीं केंद्र सरकारनें ही रीत देशभर आशा कार्यकर्त्यांच्या हातीं दिली, तो उल्लेख कोणत्याहि सूचींत नाहीं. रुग्णालयांत बाळंतपण झालें तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं आशाताईनें घरीं येऊन बाळाचें वजन करावें, अंग गार आहे का पाहावें, दूध नीट पितें का विचारावें, असा नेम आहे. आपल्या घरीं नातवंड झालें असेल, तर ती आली होती कीं नाहीं हें सुनेस विचारून पाहावें. आली नसेल, तर आरोग्य केंद्रांत जाऊन चौकशी करावी. आणि आली असेल, तर तिला बसावयास पाट द्यावा.